मोकळीक

पाना अजून उचलू नका. गाडीच्या उजव्या बाजूला, मागच्या चाकाशी बसा आणि आधी नुसतं पाहा.

समोर होंडाची फोरट्रॅक्स ३०० आहे असं धरू. १९८८ साली ही चारचाकी आली आणि २००० पर्यंत बनत राहिली. हवेनं थंड होणारं २८२ सीसीचं इंजिन, चेनच्या जागी शाफ्ट, फुगीर टायर. अमेरिकेतल्या शेतांवर या गाडीनं गुरांचा चारा वाहिला, कुंपणाचे खांब ओढले, बर्फ बाजूला सारला, ओढे ओलांडले. आज तिथल्या कुठल्याशा शेडमध्ये ती उभी आहे, आणि मागचा ब्रेक लागत नाही. तुमच्या दारात अशी गाडी नसेल, जुनी स्प्लेंडर असेल. तरी चालेल. तिच्याही मागच्या चाकात ड्रम, दोन शू आणि त्यांना फाकवणारा कॅम असतोच. मन लावायला तेवढं पुरे.

या गाडीत मागे ब्रेक एकच आहे. दोन्ही चाकं एका अखंड एक्सलवर बसलेली, मध्ये डिफरन्शियल नाही. म्हणून उजवीकडचा एक ड्रम धरला की दोन्ही चाकं थांबतात. त्या एका ब्रेककडे दोन केबल येतात, एक उजव्या पायाच्या पेडलची आणि एक डाव्या हाताच्या लिव्हरची. हात असो वा पाय, दोघांचंही म्हणणं शेवटी एकाच छोट्या दांडीपाशी पोचतं. ती दांडी शोधा. नजर तिच्यावर ठेवा.

आता पेडल दाबा. सावकाश. दांडी वळते आहे? ठीक. आता पाय उचला, आणि यावेळी जास्त नीट पाहा. दांडी परत येते का? पूर्ण येते, की वाटेत रेंगाळते? ब्रेक तपासताना आपण दाबण्याकडे लक्ष देतो, सोडण्याकडे देत नाही. लागत नाही त्या ब्रेकची तक्रार लगेच होते. सुटत नाही तो मात्र गुपचूप पेट्रोल खातो, ड्रम तापवतो, शू झिजवतो, आणि कित्येक दिवस कुणाच्या ध्यानातही येत नाही. असं रेंगाळणं दिसलं तर केबलच्या आवरणात गंज असेल, किंवा कॅमच्या दांड्यावरचं जुनं ग्रीस सुकून घट्ट झालं असेल. आत्ताच ठरवू नका. दिसलं तेवढं मनात ठेवा.

जमीन सपाट आहे ना, बघून घ्या. पुढच्या चाकांना अडण लावा, मागची बाजू उचला आणि नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवा. गिअर न्यूट्रलला. आता चाक हातानं फिरवा आणि ऐका. घासल्याचा आवाज सलग येतो, की एका फेऱ्यात एकदाच? सलग येत असेल तर शू चिकटून बसलेत. एकदाच येत असेल तर ड्रमची गोलाई कुठेतरी बिघडली असेल. आणखी एक फेरा फिरवा. घाई कसली आहे?

मग चाक, मग हब, मग ड्रमचं कव्हर. जुना नट हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल मारून थांबा. या कामात थांबण्यालाही मजुरी आहे.

कव्हर निघताना बहुतेक वेळा आधी बाहेर येतं ते गढूळ पाणी. याच्यापाशी जरा बसू. चिखलापाण्यात चालणाऱ्या गाडीचा ब्रेक कोरडा राहावा म्हणून ड्रमभोवती रबरी सील दिलेलं असतं. सील नवं असतं तोवर पाणी बाहेर राहतं. ते झिजलं, की गार पाण्यात उतरल्यावर ड्रममधली तापलेली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढून घेते. त्यानंतर तेच सील आत आलेल्या पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. राखण करणारा पहारेकरी राहत नाही, आणि कोंडणारा मात्र राहतो. म्हणून नवे शू घालून जुनं सील तसंच ठेवलं तर दुरुस्ती अर्धीच झाली. सील बदला. हवेची नळी असेल तर ती तुंबली नाही ना, पाहा. आपणही स्वतःभोवती अशी काही बंदोबस्ताची रिंगणं आखलेली असतात. त्यांच्या आत काय साचलंय ते अधूनमधून उघडून पाहायला हवं. एवढंच मनाशी म्हणा आणि पुढे चला.

ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ फुंकू नका. गॅरेजमध्ये सर्रास हवा मारतात, ती तर मुळीच नको. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याचे तंतू एकदा फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. ओल्या फडक्यानं हळूहळू टिपून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका, आणि तोंडावर चांगला मास्क असू द्या.

आता दोन्ही शू दिसतात. दोघांवरची झीज सारखी नाही. पुढे जाताना फिरणारा ड्रम एका शूला स्वतःबरोबर ओढत आणखी घट्ट दाबतो. दुसऱ्याला तोच ड्रम मागे लोटतो. गाडी रिव्हर्समध्ये घातली की भूमिका बदलतात. कॅम एकच, पण एकाच्या वाट्याला जास्त भार येतो. म्हणून शू बदलताना जोडी बदलायची, कमी झिजलेला ठेवून देण्याची काटकसर करायची नाही.

लायनरवरून बोट फिरवा. हे जे उरलंय, ते काय आहे? गाडीचा वेग कुठे नाहीसा होत नाही. घर्षणातून त्याची उष्णता होते, ती ड्रममधून हवेत जाते, आणि प्रत्येक वेळी लायनरचा कणभर थर उतरतो. लायनर ड्रमपेक्षा मऊ ठेवलेलं असतं ते हेतुपुरस्सर: झिजायचं कुणी, हे आधीच ठरलेलं आहे. ते पार संपलं की धातूवर धातू घासतो आणि मग ड्रमवर चरे पडतात. ड्रमचा आतला व्यास किती वाढलेला चालेल, तो कमाल आकडा ड्रमवरच कोरलेला असतो. मोजा. त्यापुढे गेलेला ड्रम कितीही चकचकीत दिसला तरी त्याचं काम संपलेलं आहे.

पुन्हा त्या दांडीकडे या. तिच्या बुडाशी एक बाण असतो आणि समोर प्लेटवर एक खूण. पेडल पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला, म्हणजे लायनर संपलं. तोवर प्रत्येक झीज आपण समायोजनाचा नट आवळून झाकत आलेलो असतो. पेडल खाली जायला लागलं की आवळा, पुन्हा जायला लागलं की पुन्हा आवळा. शेवटी जागा उरत नाही तेव्हा काही जण दांडी काढून एक खाच मागे बसवतात. पेडल वर येतं, पण बाण खोटं बोलायला लागतो, आणि कॅम जास्त फिरून आडवा पडला तर चाक धरून बसू शकतं. आवळणं आणि दुरुस्त करणं यांत फरक आहे. तुम्ही सध्या काय काय नुसतं आवळत आहात? उत्तर कुणाला सांगायचं नाही. प्रश्न तेवढा सोबत असू द्या.

दांडी काढण्याआधी तिची आणि कॅमची खूण जुळवून ठेवा. कॅम बाहेर घ्या, गंज एमरी पेपरनं साफ करा. दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या, लायनरला एक थेंबही लागू देऊ नका. स्प्रिंगा नव्या घाला. शूला मागे खेचणाऱ्या त्याच असतात. त्या ताणून लांबल्या की ब्रेक सुटायचा राहतो. दोन्ही शू स्प्रिंगांसकट, उघडं पुस्तक पालथं ठेवावं तसे कॅम आणि खुंटीवर टेकवा आणि दोन्ही तळव्यांनी खाली दाबा. खट् असा आवाज येईल. बसले.

ड्रम, नवं सील, कव्हर, हब, चाक. प्रत्येक नट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तितकाच आवळा. हबच्या नटाला जुनी पिन परत वापरू नका.

आता समायोजनाचा नट, आणि इथे मन सगळ्यात जास्त फसतं. ब्रेक दुरुस्त केला आहे, तर तो घट्ट असावा असं वाटतं. पेडलवर पाय ठेवताच गाडी थांबावी असं वाटतं. पण पेडल दाबल्यावर सुरुवातीचा काही मिलिमीटरचा प्रवास रिकामाच जायला हवा. ती मोकळीक पुस्तिकेत मोजून दिलेली असते. शू आणि ड्रम यांच्यामधल्या केसभर अंतराची ती पायाला कळणारी बाजू आहे. ब्रेकचं बहुतेक आयुष्य ड्रमला न शिवता जातं. तसं जातं म्हणूनच वेळेला तो धरू शकतो. सतत धरणारा ब्रेक तापतो, आणि तापलेलं लायनर नेमकं उतारावर दगा देतं. स्वतःला आवर घालणाऱ्या माणसालाही हे लागू आहे. सदा आवळलेल्या मनाजवळ ऐनवेळी धरायला जोर उरत नाही.

गाडी खाली घ्या. अंगणात चालण्याच्या वेगानं फिरवा, थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा. नवे शू ड्रमशी जुळायला काही फेऱ्या लागतील. त्यानंतर सपाट जागी, मागच्या ब्रेकला हात-पाय न लावता थोडं अंतर जा आणि गाडी आपोआप थांबू द्या. उतरा, ड्रमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. गार असेल तर काम झालं. ब्रेक न दाबताही तो तापला असेल, तर शू अजून धरूनच आहेत. नट अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा एक चक्कर मारा.