पाठच्या बाजूचं गाणं

१९६७ सालच्या अखेरीस लंडनच्या डेरम कंपनीनं एक सात इंची तबकडी बाजारात आणली. क्रमांक डी. एम. १६४. बँडचं नाव टिंटर्न ॲबी. चार पोरं: डेव्हिड मॅकटॅविश गायला, डॉन स्मिथ गिटारवर, स्टुअर्ट मॅके बेसवर आणि जॉन डाल्टन ड्रम्सवर. कंपनी ज्या बाजूवर भिस्त ठेवते आणि रेडिओवाल्यांच्या गळी उतरवते, त्या मुख्य बाजूवरच्या गाण्याचं नाव होतं 'बीसाइड'. लिहिताना मधमाशीची 'बी', पण ऐकणाऱ्याला 'पाठची बाजू' असंच ऐकू येणार. कॉलेजातल्या पोरांनी करावा तसला विनोद. खऱ्या पाठच्या बाजूवर होतं 'व्हॅक्यूम क्लीनर'.

तबकडी खपली नाही. त्या बँडची दुसरी तबकडी निघालीच नाही. आज तिची मूळ प्रत हजार पौंडांच्या वर जाते, आणि घेणारा ती पाठच्या बाजूसाठी घेतो.

मधल्या काळात त्या खाचेतला एकही सूर बदललेला नाही. तेव्हाची सुई आणि आत्ताची सुई एकाच वाटेनं फिरते. मग हजार पौंडांचं त्यात नवीन काय आलं?

आधी गाणं. तीन मिनिटांच्या आसपासचं. चाल संथ, पण ड्रम्स संथ नाहीत. गाणारा जांभई दिल्यासारखा लांबट, ओढलेला सूर लावतो आणि त्याच्यामागे ड्रमवाला झांजा अशा कोसळवत राहतो, की त्याला दुसऱ्याच गाण्यासाठी बोलावलं होतं असं वाटावं. हा विजोडपणा पहिल्यांदा खटकतो. तिसऱ्यांदा ऐकताना कळतं, की सगळा जीव त्यातच आहे. आळसावलेला गळा आणि घाईवर आलेले हात. आणि नावात चंद्र नाही, घरातलं धूळ ओढणारं यंत्र आहे. त्या साली आपल्याकडे बहुतेक घरांत केरसुणी होती. व्हॅक्यूम क्लीनर इंग्रजी मध्यमवर्गाच्या जिन्याखालच्या कपाटातली वस्तू. सायकेडेलियातली, म्हणजे नशेतल्या स्वप्नांसारख्या संगीताच्या त्या लाटेतली, इतर मंडळी परीकथा, पऱ्यांची तळी आणि पूर्वेकडचे ऋषी शोधत असताना या पोरांना जिन्याखालचं कपाट दिसलं, याचं मला कौतुक वाटतं.

आणि मग गिटार. गणपतीच्या मांडवात कोणी माइक घेऊन भोंग्यासमोर गेला की जी 'कूंऽऽ' शिट्टी वाजते आणि सगळे कानांवर हात ठेवतात, तिला फीडबॅक म्हणतात. भोंग्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, माइकमधला पुन्हा भोंग्यात, आणि चक्र वाढत जातं. इलेक्ट्रिक गिटार स्पीकरसमोर धरली तर तेच होतं, फक्त माइकच्या जागी थरथरणारी तार असते. वादक बोट हलवून, अंग वळवून, पाऊलभर मागे सरून त्या शिट्टीला थोडंफार वळण लावू शकतो. थोडंफारच. या गाण्याच्या मध्यावर गिटार तशी वर चढत जाते, आणि नावातलं ते यंत्र तिथे सुरू झाल्यासारखं वाटतं. मांडवातली शिट्टी इथे सुरात आलेली आहे.

मग त्या साली हे कोणी का ऐकलं नाही? खलनायक शोधायची गरज नाही, कारणं अगदी व्यवहारी आहेत. समुद्रात जहाजं उभी करून चालवलेल्या विनापरवाना रेडिओ स्टेशनांवर असली विचित्र गाणी वाजत. त्यांना बंद पाडणारा नवा कायदा १४ ऑगस्ट १९६७च्या रात्री बारानंतर लागू व्हायचा होता. त्याच दुपारी रेडिओ लंडन बंद झालं. जॉन पील याच स्टेशनवर मध्यरात्रीनंतर 'परफ्यूम्ड गार्डन' नावाचा कार्यक्रम करत असे. ३० सप्टेंबरला बीबीसीनं रेडिओ वन काढलं खरं, पण वादकांच्या संघटनेशी आणि तबकडी कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे तिथे तबकड्या वाजवायला दिवसाचे मोजकेच तास मिळत. त्या तासांत नाताळच्या तोंडावर बीटल्सचं 'हॅलो, गुडबाय' पहिल्या क्रमांकावर बसलेलं. त्यांचाच 'मॅजिकल मिस्टरी टूर'चा संच दुसऱ्या क्रमांकावर. आणि तो काळ म्हणजे सगळीकडे सायकेडेलिक फुलं उमलली होती, असं समजणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: १९६७ साली ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं गाणं एंगलबर्ट हम्परडिंकचं 'रिलीज मी' होतं. सूट घातलेल्या, केस चापूनचोपून बसवलेल्या गृहस्थाचं रडगाणं. गृहस्थांचा जन्म मद्रासचा, हे जाता जाता. डेरम ही ज्या डेक्काची शाखा, तिनंच ते काढलं होतं, तेव्हा टिंटर्न ॲबीसाठी कोणी धावपळ केली नसेल तर नवल नाही. डेव्हिड बोवीचा पहिला अल्बम त्याच वर्षी त्याच डेरमनं काढला आणि तोही पडला.

पाठच्या बाजूचं अर्थशास्त्रही मजेशीर असे. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखीच रॉयल्टी मिळे. म्हणून कितीतरी निर्माते पाठच्या बाजूला आपलंच काहीतरी खरडलेलं गाणं चिकटवत. पण जिथे ती बाजू बँडच्या हाती राही, तिथे कंपनीचं लक्ष नसे. ती वाजणार नाही हे गृहीतच असल्यामुळे तिथे वाटेल ते करता येई. उधळपट्टीची परवानगी तिथेच मिळे.

आता ऐकणाऱ्यांकडे येऊ. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या जुन्या बाजारांतून आणि दुकानांच्या तळघरांतून न खपलेल्या तबकड्या काही पेन्सांना मिळत. काही मुलं त्या उचलत, घरी नेऊन दोन्ही बाजू वाजवत. ज्यानं पैसे मोजलेत आणि ज्याला कोणी काय आवडायला हवं ते सांगितलेलं नाही, तो दोन्ही बाजू वाजवतोच. १९८०च्या आगेमागे 'चॉकलेट सूप फॉर डायबेटिक्स' अशा अफाट नावाचे चोरटे संग्रह निघाले, त्यात 'व्हॅक्यूम क्लीनर' आलं. १९८४पासून फिल स्मीच्या बॅम-करूसो कंपनीनं 'रबल' ही मालिका काढली, तिचे वीस भाग झाले. या स्मीनं असल्या करकरीत, थोड्या वेडसर ब्रिटिश गाण्यांसाठी 'फ्रीकबीट' हा शब्द घडवला. १९६७ साली कोणीही 'आम्ही फ्रीकबीट वाजवतो' असं म्हणत नव्हतं. एक आख्खा संगीतप्रकार त्याच्या वादकांनी नाही, तर पंधरा-वीस वर्षांनंतर खोकी उपसणाऱ्यांनी निर्माण केला. आपल्याकडे म्हणतात, तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं. इथे कानसेनांनी तानसेनांचं घराणंच मागाहून जन्माला घातलं.

आपल्या संगीत नाटकात 'वन्स मोअर' ही प्रेक्षकांची सत्ता होती. नट मरणशय्येवर असला तरी उठून पुन्हा गायचा. पण ती दाद तिथल्या तिथे, घाम वाळायच्या आत मिळे. या गाण्याला वन्स मोअर यायला एक तपाहून जास्त लागलं, आणि ज्यांनी दिला त्यांतले बरेचसे गाणं निघालं तेव्हा शाळेत होते. तोवर बँड मोडून पोरं आपापल्या वाटेला लागली होती.

उशिराची ही दाद आली कशामुळे? मला वाटतं, गाणं जागच्या जागी होतं, कान चालत तिथवर आले. मध्ये पंक येऊन गेलं होतं. फीडबॅक म्हणजे बिघाड, हा समज पुसला गेला होता. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. 'रिलीज मी' ऐकताना त्या पिढीतल्या प्रत्येकाला कुणाचं तरी लग्न आठवतं, कुठला तरी हॉल, कुठली तरी आत्या. यशस्वी गाण्यांवर आठवणींचा इतका जाड थर बसतो की खालचं गाणं ऐकूच येत नाही. 'व्हॅक्यूम क्लीनर'वर कुणी नाचलं नव्हतं, त्यावर साबणाची जाहिरात झाली नव्हती, रिक्षात ते वाजलं नव्हतं. १९६७ सालातली जी गोष्ट आज पहिल्यांदा ऐकता येते ती हीच, न ऐकलेली.

इथपर्यंत मी त्या खोकी उपसणाऱ्या मंडळींच्या बाजूनं आहे. आता थोडं विरुद्ध.

बँडनं नाव घेतलं ते वेल्समधल्या वाय नदीकाठच्या एका भग्न मठाचं. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेल्यांना वर्ड्स्वर्थच्या १७९८च्या कवितेमुळे ते परिचयाचं असतं. मठ ११३१चा, आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ साली तो बंद झाला, छप्पर गेलं, वेली चढल्या. दोन-अडीचशे वर्षांनी प्रवासी रसिक होड्यांतून तो बघायला येऊ लागले. चालता मठ बघायला अशी झुंबड उडाली नसती. त्या प्रवाशांचा गुरू विल्यम गिल्पिन. वाय नदीवरच्या १७८२च्या आपल्या पुस्तकात त्यानं तक्रार केलीय, की मठाच्या उभ्या राहिलेल्या त्रिकोणी भिंती फारच नीटस आहेत, डोळ्यांना टोचतात. कुणीतरी जपून हातोडा चालवला तर बरं. म्हणजे अवशेष पुरेसा पडका नाही, तो थोडा आणखी पाडा!

विस्मृत गाण्यांच्या रसिकांकडेही गिल्पिनचा हातोडा असतो. गाणं पडकं असावं, वर खरखर असावी, बँडनं एकच तबकडी काढलेली असावी, नंतर गायक कुठे गेला ते माहीत नसावं. उपेक्षेचे ग्रेस मार्क मिळतात. मी स्वतः हे केलंय. २००१ साली ऱ्हायनो कंपनीनं ब्रिटन आणि इतर देशांतल्या अशा गाण्यांचा चार सीडींचा 'नगेट्स २' हा संच काढला, त्यात १०९ गाणी. मी त्यातल्या प्रत्येक गाण्याला 'अहाहा' म्हणत होतो. काही महिन्यांनी पुन्हा बसलो आणि हिशेब मांडला, तर पुन्हा ऐकावीशी वाटणारी पंधरा निघाली. उरलेली गाणी विस्मृतीत गेली ती बरोबर गेली होती. काळाचा न्याय अगदीच आंधळा नसतो. हे विस्मृतीच्या प्रेमात पडलेल्यांना कबूल करवत नाही, कारण मग 'मला माहीत आहे आणि तुला नाही' यातली गोडी जाते.

आणखी एक गोष्ट या मैफलीत कोणी बोलत नाही. हजार पौंड कोणाला मिळतात? तबकडी जपून ठेवणाऱ्याला. चोरट्या संग्रहांतून वादकांच्या हाती काय पडणार? जुन्या तबकडीच्या लिलावातून तर पैसुद्धा पडत नाही. रसिकानं गाणं वाचवलं हे खरं. गाणाऱ्याचं पोट त्यावर भरलं नाही, हेही तितकंच खरं. दाद आणि बिदागी हे आपल्याकडे जोडीनं येणारे शब्द आहेत. तिथे दाद एकटीच आली.

या सगळ्याचा एक धागा मुंबईतूनही जातो. डी. एम. १६४ दुकानांत पडून होती त्या सुमारास, जानेवारी १९६८मध्ये, जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल म्युझिक'चं ध्वनिमुद्रण करत होता. शिवकुमार शर्मा, आशिष खान ही त्यातली नावं. त्या काळच्या ब्रिटिश गाण्यांत सतार सर्रास मसाल्यासारखी भुरभुरलेली असते, आणि आपल्यापैकी अनेकजण 'आपली' सतार ऐकू आली की त्या गाण्याला जास्तीचे गुण देतात. हाही ग्रेस मार्कांचाच प्रकार. 'व्हॅक्यूम क्लीनर'मध्ये सतार नाही. माझ्या त्या पंधरांत ते पहिल्या तिघांत आहे, आणि तिथे ते कुठल्याही सवलतीशिवाय बसलंय याची मी खात्री करून घेतलीय: संगीतातलं कळणाऱ्या पण या भानगडीत नसलेल्या एका मित्राला नाव-गाव न सांगता ऐकवलं. मध्यावर गिटार वर चढली तशी त्यानं भुवई उंचावली आणि संपल्यावर म्हणाला, "ड्रमवाला कोण आहे?" एवढं मला पुरे होतं.

२०२१ साली टिंटर्न ॲबीच्या शिल्लक राहिलेल्या ध्वनिमुद्रणांचा संच रीतसर निघाला. काही जुन्या चाहत्यांना तो आवडला नसेल, हा माझा अंदाज आहे. अवशेषावर छप्पर घातल्यासारखं वाटत असणार. मला मात्र बरं वाटलं. एका रात्रीत उगवल्यासारखं वाटणारं गाणं सरावातून, चुकांतून, बऱ्या-वाईट चालींतून आलं होतं हे त्यात ऐकू येतं. आणि चोरट्या संग्रहापेक्षा रीतसर संच केव्हाही बरा.

तुम्ही आता हे गाणं ऐकाल तेव्हा मित्रासारखं कोऱ्या कानानं ऐकू शकणार नाही, आणि तो अपराध माझा आहे. त्यावर उपाय एकच सुचतो. तबकडीची मुख्य बाजू आधी लावा, ती मधमाशीच्या 'बी'ची. तिच्याविषयी मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही, तिच्यासाठी हजार पौंड कोणी मोजत नाही, आणि पाठच्या बाजूची इतकी वर्षं आरती झाल्यामुळे आता खरी पाठची बाजू तीच होऊन बसलीय. गाणं मुळीच वाईट नाही.