समाधान शिकावे लागते



आजच्या शुभवर्तमानात (लूक १२:१३-२१) प्रभू येशू एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. जमिनीला उदंड पीक आले, कोठारे अपुरी पडली, तेव्हा ती पाडून मोठी बांधायची असे त्याने ठरवले. इथपर्यंत त्याचे काही चुकले असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. आपणही जुने कौलारू घर पाडून त्या जागी दोन मजली बंगला बांधतोच. पण पुढे तो काय करतो ते पाहा. तो स्वतःच्याच जिवाशी बोलू लागतो. आता बेगमी झाली, काळजी सोड, आराम कर, अशी तो जिवाची समजूत घालतो. या अख्ख्या गोष्टीत त्याची बायको नाही, मूल नाही, शेजारी नाही, शेतात राबणारा मजूरही नाही. बोलणारा तोच आणि ऐकणाराही तोच. देव बोलतो तो अगदी शेवटी, आणि तोवर रात्र झालेली असते.

आज स्वतःला सुखी कसे करावे हे सांगणारी पुस्तके स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळतात, मोबाईलवर तर रोज सकाळी न मागता येतात. आरशासमोर उभे राहा, मी आनंदी आहे असे म्हणा, वाईट विचार मनात येऊच देऊ नका. ज्याला चार रात्री झोप लागलेली नाही असा माणूस ते वाचतो, तेव्हा त्याची टिंगल करू नये. तोही शांतीच शोधत असतो. पण यातल्या पुष्कळ उपदेशांची बैठक त्या शेतकऱ्याचीच आहे. आपणच आपल्या जिवाला सांगायचे की तू सुखी आहेस. जीव बिचारा ऐकतो, पण दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहते.

संत पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितात, की भरपूर असताना आणि काहीच नसताना, दोन्ही वेळी समाधानी राहायला ते शिकले (फिलिप्पै ४:११-१३). शिकले, हा शब्द महत्त्वाचा. दमास्कसच्या वाटेवर प्रभू भेटला, पण समाधान त्याच क्षणी ओंजळीत पडले नाही. ते शिकावे लागले. आणि शिकायचे म्हटले की रोजचा अभ्यास आला.

हा अभ्यास ज्यांनी आपल्याला सोप्या रीतीने शिकवला त्या संत इग्नेशियस लोयोला यांचा सण आपण याच आठवड्यात, ३१ जुलैला साजरा केला. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर आपल्या वसईत येऊन गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु झेवियर यांना ज्यांनी घडवले, त्या इग्नेशियस यांची शिकवण आपल्या घरांत तितकीशी पोहोचलेली नाही.

२० मे १५२१ रोजी स्पेनमधील पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. त्यांना लोयोलाच्या घरी आणले. हाड नीट बसले नव्हते म्हणून पुन्हा मोडून बसवले. तरी गुडघ्याखाली एक उंचवटा राहिला. घट्ट, ऐटदार बूट घालता येणार नाहीत म्हणून तेवढे हाड त्यांनी कापून काढायला लावले. तेव्हा भूल देण्याची औषधे नव्हती! देखणे दिसण्यासाठी माणूस किती सोसतो, याचे हे उदाहरण फक्त सोळाव्या शतकातले आहे असे मला वाटत नाही.

मग महिनोन्‌महिने अंथरूण. वेळ घालवण्यासाठी त्यांनी वीरांच्या शौर्यकथा मागितल्या, पण घरात होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. नाइलाजाने तीच वाचू लागले. पुस्तक बाजूला ठेवले की मन भटकायचे. कधी ते तासन्‌तास एका थोर घराण्यातल्या स्त्रीचा विचार करीत. तिच्यासाठी काय पराक्रम गाजवावा, तिच्याशी काय बोलावे. तर कधी वाटे, संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केले ते मी का करू नये? दोन्ही स्वप्ने पाहताना गोडच वाटत. फरक नंतर कळे. पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि नाराज होई. दुसरे ओसरले तरी मन प्रसन्नच राही. पुष्कळ दिवस त्यांच्या हे ध्यानातही आले नाही. एके दिवशी आले, आणि त्यांच्या आयुष्याने वळण घेतले.

त्यांनी मनाला दरडावले नाही की खोटी समजूतही घातली नाही. काय मागे उरते, तेवढे त्यांनी पाहिले. आपल्यालाही हे पाहता येते. रात्री तासभर मोबाईलवर दुसऱ्यांच्या लग्नाचे आणि सहलींचे फोटो पाहिले, पाहताना मजा वाटली. मोबाईल ठेवल्यावर मनात काय होते? आजारी मावशीकडे कंटाळत गेलो, दोन घटका बसलो. परत येताना मनात काय होते? सून, सासू, भाऊ यांच्याविषयी कोणापाशी तरी मनसोक्त बोललो, बोलताना चव आली. घरी आल्यावर त्या चवीचे काय झाले?

यासाठीच रात्रीची एक लहान प्रार्थना आहे. येशूसंघाच्या सदस्यांना इग्नेशियस यांनी ती दिवसातून दोनदा नेमून दिली. आपल्याला झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पुरे. रोझरी झाली, टीव्ही बंद झाला, की खाटेवर बसावे आणि आधी देवाचे आभार मानावेत. आधी पापे आठवायची असा आपला समज आहे, पण इग्नेशियस आभारांपासून सुरू करतात. तेही मोघम नको. आज विरार लोकलमध्ये कोणीतरी सरकून बसायला जागा दिली, ताप उतरला, भावाचा फोन आला, असे नाव घेऊन मानावेत. मग देवाकडे प्रकाश मागावा आणि सकाळपासूनचा दिवस त्याच्यासोबत पुन्हा चालून यावा. जिथे चुकले तिथे क्षमा मागावी, उद्याच्या दिवसासाठी कृपा मागावी, आणि आमच्या बापाने संपवावे. मध्येच डोळा लागला तर लागू द्या, देवाच्या कुशीतच लागलेला असतो. शेतकऱ्याने जे एकट्याने केले तेच इथे आपण देवाला शेजारी बसवून करतो.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. समाधान शिकणारा माणूस कधीच खचत नाही असे कोणी समजू नये. घर सोडून १५२२ मध्ये मान्रेसा येथे राहत असताना इग्नेशियस यांना आपल्या जुन्या पापांची इतकी टोचणी लागली, की पापनिवेदन करूनही ती थांबेना. जीव देण्याचा विचार त्यांच्या मनात पुनःपुन्हा येऊ लागला. देव सुटका करीपर्यंत काहीही खाणार नाही असे ठरवून ते आठवडाभर उपाशी राहिले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना त्यांनी हे सांगितले, तेव्हा त्यांनी उपवास सोडायला लावला. इग्नेशियस यांनी ऐकले. टोचणी लगेच गेली नाही, परत आली, पण हळूहळू त्यातून ते बाहेर पडले. पुढे साऱ्या जगाला मन ओळखायला शिकवणाऱ्या या संताला त्या वेळी दुसऱ्या माणसाजवळ बोलावे लागले. स्वतःच्या बळावर ते निघाले नाहीत.

पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात त्यांनी एक नियम लिहिला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्या पुस्तकाला मान्यता दिली. नियम असा, की मन काळोखात असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. नोकरी सोडावी का, भावाशी संबंध तोडावा का, जमीन विकावी का, लग्न मोडावे का, हे त्या रात्री ठरवायचे नाही. थांबायचे, प्रार्थना थोडी वाढवायची, आणि कोणाला तरी सांगायचे. आपल्या धर्मग्रामात अशा रात्री काढणारी माणसे आहेत. कर्ज आहे, मुले परदेशी आहेत, घर मोठे आणि रिकामे आहे. जगणेच नको असे ज्याला वाटते, त्याने घरच्यांना सांगावे, माझ्याकडे यावे, आणि डॉक्टरांकडेही जावे. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. देवाने लूकला शुभवर्तमान लिहायला दिले, आणि संत पौल त्यालाच प्रिय वैद्य म्हणतात.

आज संध्याकाळच्या मिस्सानंतर पंधरा मिनिटे ही रात्रीची प्रार्थना आपण चर्चमध्ये एकत्र करू. पुस्तक किंवा वही आणण्याची गरज नाही. मुलांनाही आणा, आभार मानण्यात ती आपल्यापेक्षा हुशार असतात. प्रार्थनेनंतर ज्यांना बोलायचे असेल त्यांच्यासाठी मी पापनिवेदनाच्या जागी बसलेला असेन.