न सोडलेला बाण

बापानें मुलास हाताशीं घेऊन हरणाच्या शिकारीची तयारी करावी, हा अमेरिकेंत अद्याप कित्येक घरांचा कुलाचार आहे; सरकारी रानांत धनुर्धरांसाठीं तेथें स्वतंत्र हंगाम असतो. आमच्या गोंदियाकडे ती वाट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली. हें इष्टच झालें. नागझिऱ्याच्या चितळावर पहिला हक्क वाघाचा व रानकुत्र्यांचा. आमचें पोट धानावर भरतें. मात्र हौसेखातर बंदूक उडविणारे साहेब व जमीनदार, आणि पोटासाठीं धनुष्य वाहणारा गोंड, ह्या सर्वांना एकच निषेध लागू व्हावा, हा न्याय आम्हांस सहजासहजीं पचत नाहीं.

पण मुलाचें काय? वाऱ्याचा रोख ओळखणें, खुराचा ठसा ताजा कीं शिळा हें पारखणें, तासभर न हालतां बसणें, ही विद्या बाणाबरोबरच टाकून द्यावयाची काय? प्राण घेतल्यावांचून ती पुरी होत नाहीं, असें शिकारी म्हणतो; आणि मटण आणतांना मुलाला दुकानाबाहेर उभें करणाऱ्या गृहस्थापेक्षां तो निदान प्रामाणिक आहे. तरी त्याचें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. शाकुंतलाच्या आरंभीं तपस्व्यांच्या शब्दाखातर दुष्यंत चढविलेला बाण उतरवितो. तेवढ्यानें त्याचें धनुर्विद्येंतील नैपुण्य उणें झालें, असें कोणी म्हटलेलें नाहीं.

तेव्हां परवानगी काढून मुलास पाणवठ्याच्या मचाणावर अवश्य न्यावें. चितळ पाण्याशीं वाकलें कीं मुलाच्या कानांत हळूच विचारावें, वारा कोणीकडून आहे?