काय बदलायचं, काय धरून ठेवायचं

पातेल्यात 19 लिटर वर्ट, म्हणजे मॉल्टचं गोड पाणी, उकळतंय. बाजूला 28 ग्रॅम सिट्रा जातीच्या हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचे, पेलेट मोजून ठेवलेत. पाकिटावर अल्फा आम्ल 12 टक्के लिहिलंय. ते आत्ताच टाकून तासभर उकळले, तर ग्लेन टिन्सेथच्या सूत्राप्रमाणे 1.060 विशिष्ट घनतेच्या वर्टात सुमारे 37 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) इतका कडवटपणा उतरतो. तेच पेलेट शेवटची दहा मिनिटं राहिली असताना टाकले, तर उतरतो साडेतेराच्या आसपास. अल्फा आम्लं मुळात फारशी विरघळत नाहीत. उकळीत त्यांची रचना बदलते, तेव्हाच ती बिअरमध्ये उतरतात आणि कडू लागतात, आणि याला वेळ लागतो. हॉप्समधल्या सुगंधी तेलांचं मात्र उलट असतं. मायर्सीनसारखी तेलं वाफेबरोबर निघून जातात. चहात आलं आधीपासून उकळावं लागतं आणि वेलची शेवटी टाकून झाकण ठेवावं लागतं, तसंच हे.

इथवर मामा आणि भाचीचं एकमत होतं. मामा ओरेगनमधल्या हिल्सबरोत चिप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहेत आणि गॅरेजमध्ये आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही बिअर, करतात. भाची कॉर्व्हालिसला ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकते. ज्या कॅस्केड हॉप्सनं अमेरिकी बिअरला तिचा वास दिला, ती जात याच कॉर्व्हालिसमध्ये तयार झाली आणि 1972 साली शेतकऱ्यांच्या हाती आली. कॅस्केडचं फूल चोळलं की पिवळी चिकट भुकटी बोटांना लागते आणि पपनसाच्या सालीचा वास येतो. तो वास ग्लासापर्यंत कसा न्यायचा, हा मामांचा ध्यास.

वाद सुरू झाला तो मामांच्या एका वाक्यावरून. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसंच्या तसं. नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही."

"मग सॅम कॅलजोनीला काहीच कळलं नसणार," भाची म्हणाली. डेलावेअरच्या डॉगफिश हेड ब्रुअरीचा हा संस्थापक. टीव्हीवर एक शेफ सूप शिजत असताना थोडी थोडी मिरपूड सतत टाकत होता, ते पाहून यानं हॉप्सही तसेच टाकायचे ठरवलं. थरथरणारा खेळण्यातला फुटबॉलचा पट आणि बादली जोडून त्यानं पेलेट सतत पडत राहतील अशी सोय केली आणि 2001 मध्ये '90 मिनिट आयपीए' बाजारात आणली.

"बिअर उत्तम आहे," मामा म्हणाले. "पण सदतिसाव्या मिनिटाच्या चिमटीनं काय केलं, ते त्यालाही सांगता येणार नाही. चांगली बिअर करणं वेगळं आणि ती का चांगली झाली हे कळणं वेगळं. मला दुसरं हवंय."

"ठीक. मग तुझा प्रयोग सांग."

"सोपा आहे. एका घाण्यात 28 ग्रॅम साठ मिनिटांना, दुसऱ्यात तेच दहा मिनिटांना. फक्त वेळ बदलली."

"वेळ बदललीस आणि कडवटपणा 37 वरून तेरा-चौदावर आणलास. त्या दोन बिअर कोणीही डोळे मिटून ओळखेल. त्यातून सुगंधाबद्दल काय कळलं?"

"बरं, मग कडवटपणा सारखा ठेवतो. दहा मिनिटांना जास्त टाकतो."

"किती?"

"पावणेतीन पट. सत्त्याहत्तर ग्रॅम."

"म्हणजे वजन बदललं. तेल बदललं, हॉप्सचा चोथा बदलला, चोथ्याबरोबर वाया जाणारं वर्टही बदललं. मामा, एकच गोष्ट बदलणं हे इथे होऊच शकत नाही. वेळ हलवलीस की कडवटपणा नाहीतर वजन, दोघांपैकी एक हलणारच. कोणतं हलू द्यायचं, हे तू प्रयोगाच्या आधीच ठरवतोस."

मामांनी पहिलं उत्तर दिलं ते घाईचं होतं. कडवटपणाच धरायचा, कारण आयपीएचा कणा तोच. भाचीनं विचारलं, हे ठरवलं कोणी? हल्लीच्या हेझी, म्हणजे गढूळ दिसणाऱ्या, आयपीएत बहुतेक हॉप्स गॅस बंद केल्यावर आणि नंतर फर्मेंटरमध्ये पडतात. तिथे लोक कणा सुगंधात शोधतात. काय स्थिर धरायचं हे ठरवताना, बिअर म्हणजे काय, याचं उत्तर माणूस आधीच देऊन बसतो.

मग मामा ड्राय हॉपिंगकडे, म्हणजे आंबलेल्या बिअरमध्ये थेट हॉप्स टाकण्याकडे, वळले. उकळी नाही, त्यामुळे कडवटपणाची भानगड नाही. एकाच घाण्याची आंबलेली बिअर दोन भांड्यांत विभागायची, एकात हॉप्स टाकायचे, दुसऱ्यात नाही. पण इथेही भाची हटेना. ड्राय हॉपिंगमध्ये उकळीतून आलेला कडवटपणा थोडा शोषला जातो आणि ह्युम्युलिनोन नावाचे दुसरे कडू घटक उतरतात. पीएच थोडा चढतो. शिवाय हॉप्समधली एन्झाइमं पिष्टातून उरलेल्या लांब साखळ्यांचे तुकडे करतात, यीस्टला पुन्हा साखर मिळते आणि थांबलेलं आंबणं सुरू होतं. ब्राउन आणि मॉरिस या इंग्लिश रसायनज्ञांनी हे 1893 मध्येच लिहून ठेवलंय. म्हणजे सुगंध वाढवायला गेलेल्या माणसाच्या हातून अल्कोहोलही वाढतो.

"म्हणून काय प्रयोगच करायचा नाही?" मामांनी विचारलं. "तुमच्याच युनिव्हर्सिटीत लाफाँटेन आणि शेलहॅमर यांनी 2018 मध्ये केलाच की. कॅस्केडचं प्रमाण वाढवत नेलं. हेक्टोलिटरला 800 ग्रॅमच्या पुढे लिंबूवर्गी वास त्या मानानं वाढला नाही, गवती आणि चहासारखा वास वाढला. मी हे ग्लासात अनुभवलंय. हॉप्स दामटून भरलेली बिअर घशात काढ्यासारखी बसते. माझ्या 19 लिटरला ती हद्द येते 152 ग्रॅमवर. हे ज्ञान नाही?"

"आहे. कारण त्यांच्याकडे प्रशिक्षित चाखणारे होते आणि तेलं मोजणारी यंत्रं होती. तुझ्याकडे कोण आहे?"

इथून वाद बराच वेळ एकाच जागी अडकला. मामांकडे सहा मित्र आहेत आणि त्रिकोणी चाचणी आहे. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. भाचीनं कागदावर आकडे मांडले. निव्वळ अंदाजानंही सहापैकी दोघांचं बरोबर येणार. चौघांनी ओळखलं, तरी दहातून एकदा ते योगायोगानं घडतं. भरवशानं बोलायला सहापैकी पाच हवेत.

"आणि पाच नाही आले तर?" तिनं विचारलं.

"तर फरक नाही."

"नाही मामा. तर सहा माणसांना कळला नाही. फरक नाही असं म्हणायला सहा माणसं पुरत नाहीत. तू शून्याला उत्तर समजतोस."

मामांनी चाचणी पुन्हा पुन्हा घेण्याचं सुचवलं. भाचीनं कायदा काढला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये सही केलेल्या कायद्याप्रमाणे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन बिअर करमुक्त करता येते. पाच गॅलनचे, म्हणजे 19 लिटरचे, फार तर चाळीस घाणे. हॉप्स टाकायच्या चार वेळा, तीन वजनं आणि चार जाती धरल्या, तर अठ्ठेचाळीस जोड्या होतात, आणि तेही प्रत्येक जोडी एकदाच करून. "वर्ष संपलं, नवा हंगाम आला, नव्या पिकातलं तेल वेगळं. पुन्हा पहिल्यापासून."

यावर मामांनी जे सांगितलं, त्यात त्यांचं सगळं म्हणणं आलं. सगळ्या जोड्या करायच्याच नसतात. प्रश्न लहान करायचा. आणि भारताकडे येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स वाढले, तेही एका नेमक्या प्रश्नातून: लांबच्या प्रवासात बिअर आंबट होण्यापासून कशी वाचवायची? अठराव्या शतकात लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्यातून पेल एल मुंबईला आणि कलकत्त्याला यायची. केप ऑफ गुड होपला वळसा घालून काही महिन्यांचा प्रवास. उष्ण देशाकडे जाणाऱ्या पिंपांत जास्त हॉप्स घालायचे, कारण हॉप्स बिअर आंबट करणाऱ्या जीवाणूंना रोखतात. "त्यांनी सूत्र मांडलं नाही, सहा मित्र बसवले नाहीत. तरी शिकले."

"कारण त्यांच्या बिअरला मुंबई बंदर होतं," भाची म्हणाली. "पिंप उघडलं की आंबट निघालं की नाही, ते तिथला माणूस सांगायचा, आणि त्यावर पुढची मागणी ठरायची. तुझ्या बिअरला कुठलं बंदर आहे? तूच करतोस, तूच पितोस, तूच पास करतोस."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढच्या घाण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहायच्या: काय धरून ठेवणार, आणि कोणता निकाल आला तर आपलं म्हणणं सोडणार. पातेलं गॅसवर चढल्यावर त्यात बदल करायचा नाही. भाचीला हे पटलं, पण एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही.

त्यांनी कागद घेतला. मामांनी लिहिलं: कडवटपणा स्थिर, 37 आयबीयू.

"हा टिन्सेथचा आकडा. मोजलेला नाही," ती म्हणाली. "तू कडवटपणा धरला नाहीस, एका सूत्राचं उत्तर धरलंस."

"मग तू लिही."

तिनं लिहिलं: वजन स्थिर, 77 ग्रॅम.

"हे पेलेटचं वजन झालं," मामा म्हणाले. "तेलाचं नाही. पाकीट बदललं की तेल बदलणार."

"मग दोन्ही घाण्यांसाठी एकाच लॉटचे हॉप्स घेऊ. तेलाचं प्रमाण छापलेलं असेल असे."

"तेवढं करू. पण कडवटपणा सुटणार, ते चालेल तुला?"

"मला चालेल. तुझ्या सहा मित्रांना फक्त कडू-गोड ओळखून मोकळं होता येईल, हे तुला चालेल का ते बघ."

मामांनी दोन्ही ओळींपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि हॉप्सची मागणी नोंदवली. लॉट एकच, वजन दोन्ही पद्धतींना पुरेल इतकं.