ट्रॅक्टरच्या बाबतीत आप्त कोण?

शोरूमच्या आवारातला नवा ट्रॅक्टर डोळ्यांना पुष्कळ काही दाखवतो, पण तो ज्या कामासाठी घ्यायचा त्यातले जवळजवळ काहीच दाखवत नाही. काळ्या रानात पल्टी नांगर खोल लागला की इंजिन दबते का, उसाच्या दोन ट्रॉल्या चढाला ओढताना पुढची चाके उचलतात का, हे तिथे उभे राहून कळायचे कसे? प्रत्यक्ष पाहिले म्हणजे झाले, असे आपण धरून चालतो. इथे मात्र जे जाणायचे ते आपल्या बाबतीत अजून घडलेलेच नसते. ते दुसऱ्याच्या रानात घडून गेलेले असते. म्हणून घेणारा वापरणाऱ्याकडे जातो, आणि भारतीय दर्शनांतला एक जुना वाद त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. दुसऱ्याने सांगितले म्हणून जे कळले, त्याला ज्ञान म्हणायचे की नुसता भरवसा?

गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला शब्दालाही प्रमाण म्हणून बसवले, मात्र तो शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हटले की मराठीत सोयरेधायरे आठवतात. वात्स्यायनाच्या भाष्यातला आप्त वेगळा आहे: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना सारखेच लागू, असे भाष्यकार स्पष्ट सांगतो. त्या शास्त्रातली ही फार उदार जागा आहे असे मला वाटते. दोन हंगाम तोच ट्रॅक्टर हाकलेला, अक्षरओळख नसलेला ड्रायव्हर क्लचच्या बाबतीत आप्त ठरतो; विक्रेत्याने माहितीपत्रक पाठ केले असले तरी दुसऱ्या अटीपाशी त्याचा स्वतःचा लाभ आडवा येतो.

वैशेषिकांना आणि दिङ्नागाच्या परंपरेतल्या बौद्धांना हे मान्य नव्हते. शब्द हे वेगळे प्रमाण नाहीच, तो अनुमानाचाच प्रकार, असे त्यांचे म्हणणे. आजचा आक्षेपकही याच वळणाने विचारतो की चार लोकांच्या बोलण्यापेक्षा मोजलेले आकडे का घेऊ नयेत? जरूर घ्यावेत. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता मोजली जाते. पण तो अहवाल वाचणाऱ्याने स्वतः काही मोजलेले नसते. त्याच्यापुरता तोही शब्दच. शिवाय अशा चाचण्यांचे मूळ पाहावे. अमेरिकेत नेब्रास्का राज्याने 1919 साली ट्रॅक्टर-चाचणीचा कायदा केला, तो विल्मट क्रोझियर या शेतकरी आमदाराने पुढाकार घेतला म्हणून. विकत घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे चालत नाही, हे त्याने स्वतः भोगले होते. म्हणजे आकड्यांच्या आधी मालकाचे गाऱ्हाणे होते.

याहून जड आक्षेप मालकाच्या मनाविषयी आहे. कर्ज काढून लाखो रुपये घातलेला माणूस आपल्याच ट्रॅक्टरला वाईट म्हणेल कसा? आणि ऐन पेरणीत ज्याचा ट्रॅक्टर बंद पडला, तो चांगले तरी कशाला सांगेल? सांगणाऱ्याचे दोष मोजताना परंपरेने फसवण्याच्या इच्छेबरोबर भ्रमही वेगळा मोजला, तो यासाठीच. मालक खोटे बोलत नसतो, त्याची स्वतःचीच समजूत तशी झालेली असते. पण आप्तपण अख्ख्या माणसाला चिकटलेले नसते, ते त्या त्या गोष्टीपुरते असते. ‘ट्रॅक्टर कसा आहे?’ असे विचारले की अभिमान नाहीतर राग बोलतो. क्लच प्लेट किती तासांवर बदलली, स्पेअर तालुक्याला मिळाला की आठ दिवस वाट पाहावी लागली, रोटर चालवताना तासाला डिझेल किती जाते, असे विचारले की आठवण बोलू लागते, आणि आठवणीचा ताळा तासांच्या मीटरशी, दुरुस्तीच्या बिलांशी घालता येतो. मग दोन मालकांचे जमले नाही तरी बिघडत नाही. एकाचे टायर बरीच वर्षे टिकले, दुसऱ्याचे लवकर गुळगुळीत झाले. पहिल्याचा ट्रॅक्टर मऊ काळ्या रानातच फिरतो, दुसऱ्याचा निम्मा हंगाम डांबरी रस्त्यावर ऊस वाहतो. दोघांचेही सांगणे खरे आहे, आणि आपले काम त्यांतल्या कोणाच्या कामासारखे, एवढे घेणाऱ्याने स्वतः पाहायचे असते.