तीन चाकांचा ब्रेक

एकाचे भले करायला निघावे आणि त्याच वाटेवर दुसऱ्या कुणाचा जीव धोक्यात यावा, तर माणसाने काय करावे? हा प्रश्न मला कुठल्या किताबाने नाही, एका जुन्या ट्रकने घातला.

माझ्या मामूंकडे शक्तिमान आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने 1959 पासून जबलपूरला तयार होऊ लागलेली ही लष्करी गाडी. 1965 आणि 1971 च्या युद्धांत ती सैन्याच्या कामी आली आणि 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबले. लष्कराने लिलावात काढलेल्या अशा गाड्यांवर कुणी क्रेन चढवली, कुणी बोअरिंगचे मशीन. मामूंनी टाकी बसवली. निळा रंग जिथे उडाला आहे, तिथून आतला फौजी हिरवा अजून दिसतो.

कोकणात पाऊस मुसळधार पडतो, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल उजाडला की वरच्या वाड्या कोरड्या. नदीकाठच्या विहिरीवर टाकी भरायची, खिंड चढायची आणि पलीकडच्या उताराने वाडीत उतरायचे, हा मामूंचा उन्हाळ्यातला रोजचा फेरा. उतार संपतो तिथे एसटीचा थांबा आहे, चहाची टपरी आहे आणि सुट्टीत पोरे तिथेच क्रिकेट खेळतात. त्यांतली निम्मी माझ्या वर्गातली.

2023 च्या मे महिन्यात एका सकाळी ब्रेकचे पेडल खाली बसले. मेकॅनिकने मागचे चाक खोलले. व्हील सिलिंडर गळत होता. आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले होते, नवे रबर टाकूनही तेल थांबणार नव्हते. नवा सिलिंडर आमच्या भागात कुठेच नव्हता. मेकॅनिक म्हणाला, “या चाकाची लाइन बंद करतो. तीन चाकांवर चालेल. फक्त हळू न्या.”

मामू माझ्याकडे वळले. “मास्तर, तू शिकलेला. वाडीत पाणी नाही. नेऊ की नको?”

मी लगेच ‘नको’ म्हणालो, पण ते म्हणणे इतके सोपे नव्हते. टाकीत 5000 लिटर, म्हणजे नुसते पाणीच 5 टन. एका चाकाला ब्रेक नसला की दाबताक्षणी गाडी एका अंगाला ओढते. टाकी अर्धी असेल तर पाणी हिंदकळून पुढे धडकते. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. हे सारे खरे. पण वाडीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन उन्हात खिंड चढतील, तेही तितकेच खरे होते.

वाडीतला एक जाणकार म्हणाला, “मजबुरीत मना असलेलेही जायज होते.” उसूल बरोबर आहे. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेतही तो आहे. पण त्याच संहितेत आणखी एक उसूल आहे: एक नुकसान तशाच दुसऱ्या नुकसानीने दूर करायचे नाही. भुकेने मरणाऱ्याला मुरदार खायची मुभा मिळते, कारण जोखीम त्याची स्वतःची असते. उताराखाली चेंडूमागे धावणाऱ्या पोराने अशी कोणती मजबुरी कबूल केली आहे?

“अल्लाह मालिक है” म्हणून पुढे जाणारे आपल्यात पुष्कळ. ऊंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्या माणसाला हुजूरांनी आधी ऊंट बांधायला सांगितले, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. ऊंट सुटला तर मालकाचे नुकसान. ट्रक सुटला तर परक्याचे. आणि हुकूकुल इबादचा हिशेब कठीण. बंद्याचा हक्क बुडाला तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्याकडे ती मागायची कुठे?

मी आणि मामू रात्रीच्या गाडीने कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकाने पालथी घातली. एकाने दुसऱ्याच गाडीचा सिलिंडर पुढे केला: “घासून बसवा, चालेल.” चौथ्या दुकानात एक म्हातारे चाचा होते. त्यांच्याकडे शक्तिमानचे दोन सिलिंडर निघाले. त्यांनी आत बोट फिरवले आणि मान हलवली. “यार्डातल्या क्रेनला दिला असता. रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला नाही देणार.” मामू दुप्पट पैसे द्यायला तयार होते. चाचा म्हणाले, “पैसे घेतले तर तुमच्याबरोबर मीपण त्या गाडीत बसलो.”

त्यांनीच लेथवाला दाखवला. त्याने बोअर मोठा करून स्लीव्ह मारली. दोन दिवस लागले. गळणारा सिलिंडर, तेल प्यालेले लायनर, जुनी रबरे, सारे बदलून गाडी पाचव्या दिवशी उभी राहिली.

पण खरी गोष्ट त्या पाच दिवसांतली आहे. गाडी थांबवा असे सांगणारा मी, आणि माझ्या घरात नळ होता. माझ्या सावधपणाची किंमत वाडीतल्या बायका भरणार होत्या. मुंबईला निघण्याआधी हे मामूंच्या लक्षात आले, माझ्या नाही. त्यांनी मेहुण्याचा टेम्पो मागितला, प्लास्टिकच्या टाक्या चढवल्या आणि रोज दोन खेपा स्वतःच्या खर्चाने लावल्या. पाणी पुरले नाही, पण वाडी तहानली नाही. त्या महिन्यात मामूंच्या हाती काही उरले नाही.

‘नको’ म्हणणे हा अर्धाच ईमान आहे, हे मला तेव्हा उमगले. थांबवणाऱ्याने थांबण्याचा बोजाही उचलायला हवा. नाहीतर त्याचा तकवा दुसऱ्याच्या डोक्यावरच्या हंड्यातला असतो.

आता मामू खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबवतात, बिस्मिल्लाह म्हणतात आणि पेडल दोनदा दाबून पाहतात. मगच उतरतात.