शोध, चौकशी आणि तजस्सुस

2017 सालची गोष्ट आहे. माझ्या भाचीसाठी शेजारच्या जिल्ह्यातून एक रिश्ता आला. मुलगा इंजिनियर, घराणे शिकलेले, देण्याघेण्याची भाषा नाही. आपाचा मला फोन आला, "भाई, तू दिनभर कंपूटर के सामने बैठता ना, जरा लडके का नाम डालके देख." मी मुलाचे नाव आणि त्याच्या गावाचे नाव टाकले. तिसरीच नोंद एका वर्तमानपत्रातील बातमीची होती. नाव तेच, गाव तेच, वयात एका वर्षाचा फरक. पैसे दुप्पट करून देतो म्हणून लोकांना फसवल्याबद्दल अटक. मी मथळा वाचला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि आपाला फोन लावला.

दोन दिवसांत आम्ही नकार कळवला. कारण काय सांगितले? "इस्तिखारा ठीक आला नाही." इस्तिखारा कोणी केलाच नव्हता. आपली चौकशी झाकण्यासाठी आम्ही अल्लाहचे नाव पुढे केले.

दोन वर्षांनी एका वलिम्याला माझ्या शेजारी त्या मुलाच्या गावचे एक शिक्षक जेवायला बसले होते. बोलता बोलता कळले की पकडला गेलेला माणूस वेगळाच होता. त्या नावाची चार माणसे त्या गावात होती. घरी येऊन मी रात्रीच ती बातमी पुन्हा उघडली. चौथ्या ओळीत आरोपीच्या वडिलांचे नाव आणि मोहल्ला छापलेला होता. दोन्ही जुळत नव्हते. बातमी खोटी नव्हती. सर्च इंजिननेही काही खोटे सांगितले नव्हते. चौथ्या ओळीपर्यंत मीच गेलो नव्हतो.

आणखी एक गोष्ट त्या शिक्षकांकडून कळली. आपाने नकाराचे खरे कारण शेजारणीला विश्वासात घेऊन सांगितले होते. ते 'विश्वासात' सांगितलेले त्या मुलाच्या गावी केव्हाच पोहोचले होते आणि त्याची पुढची दोन स्थळे मोडली होती. पराचा कावळा झाला, आणि ते पर माझ्या हातून सुटले होते.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. माहिती शोधणे हे नुसते तंत्राचे काम आहे, की त्यालाही हलाल-हराम आहे?

कुरआनातील 49वी सूरह, अल-हुजुरात, फार मोठी नाही. अवघ्या 18 आयती. तिच्या सहाव्या आयतीत हुकूम आहे की बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तपासून पाहा. नाहीतर नकळत कोणाचे तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. त्याच सूरहच्या बाराव्या आयतीत मनाई आहे: संशय घेत बसू नका, एकमेकांची गुपिते खणू नका, पाठीमागे निंदा करू नका. पहिल्या कामाला आपण तहकीक म्हणतो, दुसऱ्याला तजस्सुस. दोन्हींत माणूस शोधतच असतो. एक शोध फर्ज आहे आणि दुसरा हराम. सर्च इंजिनजवळ मात्र या दोघांसाठी एकच पांढरी चौकट आहे. त्या चौकटीत नाव टाकणाऱ्याची नियत काय, हे तिला कळत नाही.

सर्च इंजिनचा इतिहास म्हणजे 'भरवसा कशावर ठेवायचा' या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे. 1990 साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात तयार झालेले 'आर्ची' फक्त फाइलींची नावे शोधत असे. 1994 साली सुरू झालेल्या याहूची यादी माणसे हाताने लावत. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल काढले, तेव्हा त्यांची मुख्य कल्पना अशी होती की एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवतात ते मोजायचे, आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर त्याचे मत जास्त धरायचे. पुढे यात शेकडो कसोट्यांची भर पडली, तरी ज्याच्याकडे पुष्कळांचे बोट तो वर, हा पाया कायम राहिला.

आपल्या मुहद्दिसांपुढेही प्रश्न भरवशाचाच होता. इमाम बुखारींनी सहा लाख रिवायतींतून आपला संग्रह निवडला असे परंपरा सांगते. त्यात पुनरुक्ती धरून सात हजारांच्या आसपास हदीसी आहेत. 'किती लोक सांगतात' हे मुहद्दिस पाहत होतेच. असंख्य लोकांनी स्वतंत्रपणे सांगितलेल्या हदीसला 'मुतवातिर' म्हणून सर्वांत वरचे स्थान दिले गेले. पण त्यांची खरी मेहनत पुढची होती. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, दोघांची भेट झाली होती का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खोटे बोलत असे का? शंभर माणसे एकाच माणसाकडून ऐकून सांगत असतील, तर त्या एका माणसापुरती ती साक्ष एकच, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज एकच बातमी शंभर ठिकाणी जशीच्या तशी उतरवलेली दिसते आणि आपण म्हणतो, 'सगळीकडे आहे, म्हणजे खरेच असणार.'

या परंपरेतील एका ग्रंथाची माहिती वाचली तेव्हा माझी मान खाली गेली. बगदादचे खतीब अल-बगदादी 1071 साली वारले. त्यांनी 'अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक' नावाचा एक मोठा ग्रंथ लिहिला. विषय एकच: नाव एक, माणसे वेगळी. एकाच नावाचे रावी वेगळे कसे ओळखायचे, म्हणजे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसणार नाही! साडेनऊशे वर्षांपूर्वी एका आलिमाने ज्या चुकीसाठी ग्रंथ खर्ची घातला, तीच चूक मी अर्ध्या मिनिटात केली. शेख, खान, पठाण, मुल्ला अशा आडनावांच्या आपल्या समाजात तर ही चूक रोजची आहे. 'सगळे काही आमच्या ग्रंथांत आधीच होते' अशी फुशारकी मारण्यासाठी हे सांगत नाही. ग्रंथांत होते आणि मी ते पाळले नाही, हे सांगतो आहे.

आता खास कामांसाठीची सर्च इंजिने निघाली आहेत. त्यांतली काही मी कुतूहलाने तपासली, काहींविषयी वाचले. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: सनद दाखवतोस का?

वैद्यकीय संशोधनासाठीचे 'पबमेड' अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 1996 साली सुरू केले. साडेतीन कोटींहून अधिक नोंदी त्यात आहेत. प्रत्येक नोंदीखाली लेखक, नियतकालिक आणि साल असते. 1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 'लॅन्सेट'मधील लेखात लसीचा संबंध ऑटिझमशी असल्याचे सुचवले होते. तो लेख 2010 साली मागे घेतला गेला. पबमेडमध्ये तो आजही सापडतो, पण 'मागे घेतलेला' असा शिक्का घेऊनच. जईफ रिवायत जपायची, पण तिच्यावर जईफ असे लिहून, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. याला मी चांगले सर्च इंजिन म्हणेन. ते निकाल देत नाही, मात्र निकाल द्यायला लागणारे सामान लपवत नाही.

2009 साली नेदरलँड्समधून 'आय ॲम हलाल' नावाचे सर्च इंजिन निघाले होते. शोधाच्या शब्दाला ते हरामची एक ते तीन अशी पातळी लावत असे. पुढे ते बंद पडले. ख्रिश्चन आणि यहुदी वाचकांसाठीही अशी सर्च इंजिने निघाली होती. लहान मुलांच्या हातात यंत्र देताना अशी गाळणी मला गैर वाटत नाही. पण माझ्या गोष्टीत तिचा काय उपयोग झाला असता? मी एका सभ्य मुलाचे सभ्य नाव टाकले होते. हरामची कोणतीच पातळी तिथे लागली नसती. अश्लील चित्र गाळता येते. तोहमत गाळणारी जाळी अजून कोणी विणलेली नाही.

माणसे शोधून देणारी इंजिने याहून पुढची. अमेरिकेत 'स्पोकिओ' कोणाचेही नाव टाकले की पत्ता, वय, कुटुंब, ऐपत अशी माहिती पुढे ठेवते. थॉमस रॉबिन्स नावाच्या गृहस्थाने तिच्यावर दावा लावला आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथे 2016 साली निकाल लागला. त्यांची तक्रार वाचण्यासारखी आहे. आपण विवाहित, मुलेबाळे असलेले, उच्चशिक्षित, नोकरीवाले आणि सुखवस्तू आहोत अशी नोंद तिथे होती, आणि ती खोटी होती. ते नोकरीच्या शोधात होते. खोटे गोड असले तरी माणसाची वाट अडवते. चेहऱ्यावरून शोधणाऱ्या यंत्रांचे तर विचारूच नका. 2020 च्या जानेवारीत डेट्रॉइट शहराजवळ रॉबर्ट विल्यम्स यांना चेहरा जुळल्याच्या भरवशावर घरासमोर, बायकामुलींदेखत अटक झाली. चोर ते नव्हतेच. माझ्या हातून नावाचे झाले, तिथे चेहऱ्याचे झाले.

आणि आता उत्तर स्वतःच रचून देणारी यंत्रे आली आहेत. 2024 च्या मे महिन्यात गुगलने शोधाच्या वरच यंत्राने लिहिलेला सारांश द्यायला सुरुवात केली. काही दिवसांतच त्या सारांशाने रोज एक लहानसा दगड खाण्याचा सल्ला दिल्याचे जगभर गाजले. मूळ मजकूर 'द ओनियन' या विनोदी पत्राचा होता. विनोद म्हणून वाचला तर निरुपद्रवी. सांगणारा बाजूला काढला की तोच मजकूर उपदेश झाला. 2025 साली नॉर्वेच्या एका गृहस्थांच्या बाजूने तक्रार दाखल झाली: त्यांनी चॅटजीपीटीला स्वतःविषयी विचारले, तर आपल्या दोन मुलांचा खून केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली आहे असे उत्तर मिळाले. त्यात मुलांची संख्या आणि गाव खरे होते, खून खोटा होता. माझ्या बातमीत निदान चौथी ओळ तरी होती. जिथे ओळच नाही, तिथे तपासायचे काय? अशी यंत्रे आता आपल्या उत्तराखाली दुवेही देतात, हे खरे. पण दुवा उघडून वाचणारा माणूस मथळ्यावर थांबणारा असेल, तर दुवा असून नसल्यासारखाच.

कोणी म्हणेल, "मुलीचा मामला होता, चौकशी करायची नाही का?" जरूर करायची. फातिमा बिन्त कैस यांना दोन रिश्ते आले, तेव्हा त्यांनी पैगंबरांचा (स.) मशवरा घेतला. आपण एकाच्या कडक हाताबद्दल आणि दुसऱ्याच्या गरिबीबद्दल स्पष्ट सांगितले आणि तिसरे नाव सुचवले. 'सहीह मुस्लिम'मध्ये ही हदीस आहे. लग्नाच्या मशवऱ्यात खरा दोष सांगणे गीबत नव्हे, असे इमाम नववींनीही लिहून ठेवले आहे. पण त्या चौकशीची अंगे पाहा. जिचे लग्न ती स्वतः विचारत होती. ज्यांना विचारले ते त्या दोघांना ओळखत होते. लग्नाला लागेल तेवढेच सांगितले गेले. आमच्या चौकशीत भाचीला कोणी विचारलेच नाही, मी मुलाला ओळखत नव्हतो, आणि मिळालेली गोष्ट शेजारणीपर्यंत गेली.

म्हणून मला वाटते, दोष यंत्राच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. यंत्र जितके खास, जितके हुशार, तितका आपल्याला भास होतो की तहकीक झाली. प्रत्यक्षात तहकीक सुरूच झालेली नसते. यंत्र दारापर्यंत नेते. दार ठोठावायचे, सलाम करायचा आणि तोंडावर विचारायचे, हे काम माणसाचेच राहते.

निंदेचा गुन्हा हुकूकुल-इबादचा, माणसांच्या हक्कांचा. ज्याचे नुकसान झाले त्याने माफ केल्याशिवाय तो फिटत नाही, हे लहानपणापासून ऐकले होते. तरी जायला मला सात महिने लागले. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी होता. वडील घरी होते. मी सगळे सांगितले, इस्तिखाऱ्याचे खोटेही सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जनाब, केस कोणाची ते अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं. तुम्ही एसटीत बसून आला असता, तर चहाच्या टपरीवरसुद्धा कोणी सांगितलं असतं." मी माफी मागितली. ते म्हणाले, "माझ्याकडून झाली. मुलाची त्याच्याकडेच मागा." त्यांनी नंबर लिहून दिला. मी त्याच रात्री फोन केला. त्याने ऐकून घेतले, "ठीक आहे" म्हणाला आणि फोन ठेवला. ते 'ठीक आहे' माफीचे होते की नाही, मला आजही कळलेले नाही.

आता घरात कोणी मला नाव टाकून बघायला सांगितले, तर मी आधी विचारतो: कशासाठी, आणि सापडले तर कोणाला सांगणार? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मग चौकट उघडतो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. वाचकांनीही एवढे केले, तर त्या मुलाचे माझ्यावरचे देणे थोडे तरी फिटले असे मी समजेन.